निकालानंतर त्या बाईचं काय झालं

माझ्याकडे वकिलीची सनद आहे. काळा कोट घालून कोर्टापुढे मात्र मी दोनदाच उभा राहिलो. पहिल्या वेळी तारीख मागितली आणि मिळाली. दुसऱ्या वेळी न्यायाधीश म्हणाले, "वकीलसाहेब, जरा मोठ्याने बोला." मी तेच वाक्य पुन्हा तितक्याच हळू बोललो आणि खाली बसलो. पक्षकार माझ्याकडे बघत राहिला. त्याच आठवड्यात नांदेडला वकिलांच्या एका वाचनालयात ग्रंथपालाची जागा निघाली आणि मी ती धरली. तिथे हळू बोलणं हा गुण समजत. पुढे बदलून लातूरला आलो आणि निवृत्त होईपर्यंत तेच काम केलं.

काम काय, ते थोडक्यात सांगतो. वरच्या कोर्टांचे निकाल छापून येतात. एकेक निकाल वीस पानांचा, कधी दोनशे पानांचा. तो वाचायला वकिलांना वेळ नसतो. म्हणून निकालाच्या डोक्यावर चार ओळींत त्याचं सार देतात. मी दर निकालाचं असं सार एका जाड कार्डावर मराठीत लिहून लाकडी खणात विषयवार लावत असे. कार्डावर चार रकाने असत: विषय, पक्षकार, मुद्दा, निर्णय. भाडेकरू, अपघात, पोटगी, जामीन, शिक्षकांच्या बदल्या, धरणात गेलेल्या जमिनी, सगळ्यांना हेच चार रकाने. माणसाचं आयुष्य कितीही वाकडंतिकडं असलं तरी माझ्या कार्डावर ते सरळ बसायचं. याचा मला अभिमान होता.

वकील मंडळी ही कार्डं वाचत, निकाल वाचत नसत. एक ज्येष्ठ वकील रोज साडेदहाला दारातूनच म्हणायचे, "कंधारकर, आपल्या बाजूचा एखादा निकाल काढून ठेवा."

मी विचारायचो, "आपली बाजू कुठली?"

"ते आता फाइल बघून सांगतो की. तुमी काढा तर."

त्यांनीच एकदा अपघाताच्या दाव्यात माझ्या कार्डावरच्या चार ओळी कोर्टात खड्या आवाजात वाचल्या. न्यायाधीशांनी पुस्तक मागवून घेतलं, चौदावा परिच्छेद काढला आणि म्हणाले, "आता हेही वाचा." चौदाव्या परिच्छेदात लिहिलं होतं की तत्त्व बरोबर असलं तरी या माणसाला त्याचा फायदा देता येत नाही. बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "कार्डावर हे न्हवतं, कंधारकर." मी म्हणालो, "कार्डावर जागा नव्हती, साहेब." त्या दिवशी हे उत्तर मला पुरेसं वाटलं होतं.

नांदेडला असतानाच एका दैनिकात मी दर गुरुवारी 'निकालाचा अर्थ' नावाचं सदर लिहू लागलो. एक निकाल घ्यायचा आणि सामान्य माणसाला कळेल असा सांगायचा. एकदा घरभाड्याच्या निकालावर लिहिलं. घरमालकाची गरज खरी असेल तर भाडेकरूने घर सोडावं, हा त्याचा अर्धा भाग. पण भाडेकरूचे हाल जास्त होणार असतील तर सोडू नये, हा उरलेला अर्धा. शुक्रवारी सकाळी एक घरमालक वाचनालयात आला. लेखाच्या पहिल्या भागाखाली लाल रेघा ओढलेल्या. म्हणाला, "सर, लई भारी लिहिलंय. आता काढतोच त्याला बाहेर." दुपारी भाडेकरू आला. त्याच्या कात्रणावर दुसऱ्या भागाखाली निळ्या रेघा. तोही म्हणाला, "सर, लई आधार दिला तुमी." दोघं एकाच घरातले होते, वर आणि खाली राहणारे. मी दोघांनाही चहा पाजला. ही गोष्ट पुढे कित्येक वर्षं मी वकिलांना हसत सांगत असे. लोक आपल्यापुरतं अर्धंच वाचतात, पुरं वाचणारा शहाणा मी एकटाच, असा तिचा सूर असे.

माझ्या सदराची पहिली वाचक माझी पत्नी कुसुम. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. बुधवारी सकाळी ती मेथी निवडायला बसायची आणि मी लेख वाचून दाखवायचो. कायद्याचे शब्द तिला अडत नसत. तिचा प्रश्न वेगळाच असायचा.

एकदा पोटगीचा निकाल होता. बाई खालच्या कोर्टात जिंकली, मधल्या कोर्टात हरली आणि वरच्या कोर्टाने प्रकरण फेरसुनावणीसाठी परत पाठवलं. निकाल सुरेख होता. पोटगी ही दया नसून हक्क आहे, असं त्यात पाच पानं समजावलेलं. मी रंगून वाचलं.

कुसुम म्हणाली, "परत पाठवलं म्हणजे? पुन्हा पहिल्यापासून?"

"हो."

"बाईचं वय काय?"

"अर्ज केला तेव्हा अठ्ठावीस."

"आणि आता?"

"ते निकालात नाही."

"मग त्या बाईचं काय झालं, अहो?"

"निकालात ते नसतं, कुसुम. निकाल मुद्द्यावर असतो."

ती मेथीचे देठ बाजूला सारत म्हणाली, "तुमच्या कार्डावर आणखी एक रकाना पाहिजे. 'पुढे काय झालं' म्हणून."

मी हसलो. तिने हा प्रश्न जामिनावर सुटलेल्या माणसाबद्दल विचारला, बदली रद्द झालेल्या मास्तरांबद्दल विचारला, एका निकालात सांडाने मारलेल्या शेजाऱ्याबद्दलही विचारला. मी दर वेळी तेच उत्तर दिलं.

काही वर्षांपूर्वी मुलींच्या हक्काचा मोठा निकाल आला. वडिलोपार्जित जमिनीत मुलगी जन्मतःच मुलाइतकी वाटेकरी असते, मग वडील केव्हाही वारलेले असोत, असं वरच्या कोर्टाने सांगितलं. माझ्या उभ्या कारकिर्दीत इतका रंगून मी कशावर लिहिलं नव्हतं.

त्याला कारण होतं. आमच्याकडे बापाच्या मागे बहिणींना तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात बोलावून घेतात. तिथे त्या हक्कसोडपत्रावर सही करतात, म्हणजे जमिनीतला आपला वाटा भावाला लिहून देतात. त्यांना साडीचोळी मिळते. जेवण होतं. सही केली की माहेर चालू राहतं. हे कुणी कुणाला सांगावं लागत नाही. बहिणी सही करताना हसतात, फोटोही काढतात. मी लिहिलं की आता बहिणींनी सहीआधी थांबून विचार करावा. शेवटचं वाक्य होतं, 'लेक वाटा मागत नाही, ती आपला वाटा ओळखते आहे.' या वाक्यावर मी फार खूश होतो.

कुसुमने ऐकलं आणि म्हणाली, "छान आहे. पण ज्यांच्या घरी वाटणी आधीच झालीय, त्यांचं?"

प्रश्न अचूक होता. निकालातच म्हटलेलं होतं की एका ठरावीक तारखेच्या आधी रजिस्टर वाटणी झालेली असेल, तर ती आता उकरता येणार नाही. तो अपवाद मला माहीत होता. मी म्हणालो, "तो घातला तर शेवटचं वाक्य पडतं. शिवाय वाचक गोंधळतील. पुढच्या गुरुवारी लिहितो."

पुढच्या गुरुवारी लाउडस्पीकरचा निकाल आला. सगळं गाव त्याबद्दल विचारत होतं, म्हणून त्यावर लिहिलं. कुसुमने दोनदा आठवण केली. नंतर तिला बरं वाटेनासं झालं आणि आठवण करणारं कुणी राहिलं नाही.

मागच्या पौषात ती गेली. त्याबद्दल इथे लिहीत नाही, या अंकाच्या संपादकांनी नोकरीबद्दल लिहायला सांगितलं आहे. एवढंच सांगतो की मी सदर बंद केलं. बुधवारी लिहिलेलं वाचून दाखवायला ज्याच्या घरात कुणी उरलं नाही, त्याने गुरुवारी छापू नये.

चैत्रात एके दिवशी सकाळी दारात एक बाई आली. पन्नाशीची, कपाळावर विभूती, हातात प्लास्टिकची पिशवी. म्हणाली, "कंधारकर साहेब हितंच ऱ्हातेत का? शरणार्थ." लिंगायतांचा हा नमस्कार करून ती पुढे म्हणाली, "मी शिवकांता. शिरूर अनंतपाळला दिलेली हाय. माहेर रेणापूरकडचं."

तिने पिशवीतून एक पारदर्शक पाकीट काढलं. आत माझं कात्रण. घड्या पडून मधोमध विरलेलं, मागून चिकटपट्टी लावलेलं.

"हे तुमीच लिहिलं न्हवं?"

"हो."

"खरं हाय का न्हाई?"

माझ्या लेखाबद्दल इतका सरळ प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "बसा. आधी काय झालं ते सांगा."

तिचे वडील वारल्यावर भावाने, मन्मथअप्पाने, तिला सहीसाठी बोलावलं होतं. साडी घेऊन ठेवली होती, गावातले दोन साक्षीदार आणले होते. तिने कार्यालयात सगळ्यांसमोर हे कात्रण काढलं आणि म्हणाली, निम्मं पाहिजे. भाऊ उठला. साडी तशीच घेऊन परत गेला. त्या दिवसापासून तिला घराचं दार बंद. दोन दिवाळ्या झाल्या होत्या, भाऊबीज नाही की पंचमी नाही. आणि त्या घरात तिची ऐंशी वर्षांची आई होती.

"जमिनीचं जाऊ द्या, साहेब. मी फोन केला की वहिनी म्हणती, आत्याबाई झोपल्यात. सकाळी केला तरी झोपल्यात, दुपारी केला तरी झोपल्यात. आईला डोळ्यानं दिसंना गेलंय. तिला वाटत आसंल, पोरगीच येईना."

"मग वकील बघितला का?"

"बगितला की. त्यानं कागद काढले. म्हणला, तुज्या बापानं लई आदीच भावाला रजिस्टर वाटणी करून दिली हाय, निम्मं इसर. मी त्येला हे दावलं. तर हसाया लागला. म्हणला, पेपरातलं कोर्टात चालत न्हाई." तिने कात्रण माझ्यापुढे सरकवलं. "मग कामून लिहिता?"

मी कागद मागितले. ते तिने पिशवीतूनच काढले. वाटणी खरंच रजिस्टर होती, आणि त्या तारखेच्या कितीतरी आधीची. बापाने जमिनीचा मोठा भाग मुलाला देऊन विहिरीचा पाच एकरांचा तुकडा स्वतःकडे ठेवला होता. मुलाच्या जमिनीत शिवकांताबाईचा काही हक्क नव्हता. पण बाप मृत्युपत्र न करता गेला होता, म्हणून त्याच्या पाच एकरांत तिघांचा सारखा वाटा होता: आई, भाऊ आणि ती. सही लागत होती ती एवढ्याचसाठी. माझा लेख अपवादासकट छापला असता, तर तिने निम्मं मागितलं नसतं. पाच एकरांतला तिसरा वाटा मागितला असता, घरात बसून, साक्षीदारांशिवाय.

हे सगळं मी तिला सांगितलं. आणि म्हणालो, "चूक माझी आहे. मला माहीत होतं आणि मी लिहिलं नाही."

तिने कात्रण घडी घालून पुन्हा पाकिटात ठेवलं. मग म्हणाली, "शेवटची वळ मात्र लई चांगली लिहिली हाय."

शिव्या दिल्या असत्या तरी इतकं लागलं नसतं.

शिवकांताबाई परतल्यावर मी कार्डांचा खण काढला. निवृत्त होताना वाचनालयात संगणक आला आणि जुनी कार्डं रद्दीत निघाली, तेव्हा मी ती घरी आणली होती. त्या निकालाचं कार्ड मी घरीच लिहून त्यांत लावलेलं. निर्णयाच्या रकान्यात सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'मुलीचा समान हक्क मान्य.' त्याखाली दोन ओळी मोकळ्या होत्या. म्हणजे जागा नव्हती असंही नव्हतं.

दोन दिवसांनी मी रेणापूरची बस धरली. मन्मथअप्पाचं तिथे बी-बियाणांचं दुकान आहे. साठीचा, जाड भुवयांचा, बोलताना समोरच्याच्या चपलांकडे बघणारा माणूस. मी नाव सांगितलं. तो म्हणाला, "आस्सं. तुमीच का ते पेपरवाले. या की. निम्मं दुकान बी मागाया आला का?"

"नाही. चुकलं ते सांगायला आलो." आणि मी सांगितलं. रजिस्टर वाटणी मोडता येत नाही, मुलाच्या नावच्या जमिनीत बहिणीचा वाटा नाही, मी अर्धवट लिहिलं.

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. तो गल्ल्यावरून उठला आणि समोरच्या दुकानदाराला हाक मारली, "नागनाथअण्णा, हिकडं या जरा! ऐका हे काय म्हणतेत. साहेब, पुन्ना सांगा." मी पुन्हा सांगितलं. उभ्या आयुष्यात मोठ्याने बोललो ते त्या दिवशी, खतांच्या पोत्यांमध्ये. चहा आला.

मग मी म्हणालो, "हा एक भाग झाला. दुसरा असा की वडिलांच्या पाच एकरांत ताईंचा तिसरा वाटा आहे. तो सहीशिवाय जात नाही."

नागनाथअण्णांना एकदम दुकानात गिऱ्हाईक आल्याचं आठवलं. मन्मथअप्पा बसला. त्याने बशीतला चहा फुंकला आणि प्यायला नाही.

"साहेब, मी तिला विहिरीजवळचं काई तरी देणारच होतो," तो म्हणाला. खरं असेल, नसेलही. "पण रजिस्ट्री हापिसात, गावच्या मानसांपुढं, कागद फडकवून? पेपरातच लिहिलंय म्हणं! साडी काखंत मारून आलो मी. बायको इचारती, सही झाली का."

"तुमचा राग रास्त आहे. पण आईंना भेटू का देत नाही?"

तो माझ्या चपलांकडे बघत म्हणाला, "पेपरात छापलं तेवा साऱ्या गावानं वाचलं. आता चुकलं म्हणून पेपरातच छापा. मग येऊ द्या तिला."

"छापतो. पण दोन्ही भाग छापीन."

"दोनी छापा की. मला काय." आणि पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघून हसला. "लोक पयलंच वाचतेत."

चाळीस वर्षं वकिलांना जे समजावत आलो, ते हा माणूस खतं विकता विकता शिकला होता.

दैनिकाचे संपादक तयार नव्हते. म्हणाले, "सर, लोक विसरले असतील. उगीच कशाला आपणच आपलं?" मी म्हणालो, दोन माणसं विसरलेली नाहीत. शेवटी त्यांनी राशिभविष्याच्या खाली जागा दिली. दोन परिच्छेद, दोन्ही मोजून सारख्या लांबीचे. पहिल्यात वाटणीचा अपवाद. दुसऱ्यात बापाच्या स्वतःच्या वाट्यातला लेकीचा हक्क. वर लिहिलं: 'माझ्या लेखात ही माहिती द्यायची राहिली. ती मला तेव्हा ठाऊक होती.' दुसरं वाक्य संपादकांनी काढलं होतं. मी प्रेसमध्ये जाऊन ते पुन्हा घालायला लावलं. शेवटी सुंदर वाक्य लिहिलं नाही. सुचलं होतं.

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी शिवकांताबाईचा फोन आला.

"साहेब, जाऊन आले."

"दार उघडलं?"

"उघडलं की. दादा दारातच हुबा. म्हणला, आता चुकलं म्हणून आलंय पेपरात, ये. दुकानात काच घालून लावलंय त्येनं. मी बगितलं ना. पयलाच तुकडा हाय. खालचा कात्रीनं कापून टाकलाय."

मला हसू आलं. "आणि तुमच्याकडे?"

"माज्याकडं खालचाच हाय. वरचा मी कापला. मला काय करायचा तो?"

माझ्या दोन्ही परिच्छेदांची अशी वाटणी झाली होती, आणि ती रजिस्टर करायची गरज नव्हती.

"आई काय म्हणाल्या?"

"आईनं हातानं माजं तोंड चाचपलं. म्हणली, एवढा उशीर कामून केलास गं? जसं काई मी सकाळी येते म्हणले आन् दुपारी आले." मग तिचा आवाज बदलला. "आन् साहेब, मी तिला तुमचा खालचा तुकडा वाचून दावला. दादा बसला हुता तिथंच. आई म्हणली, तिगांचा वाटा म्हंजे तिसरा कोण? मी म्हणले, तू. तर म्हणती, मला बी हाय? मग मला कुनी इचारलं कसं न्हाई? आता ती बी सही करंना. तिगांची नावं लावायचा अर्ज आज सकाळी तलाठ्याकडं दिला. दादा कपाळाला हात लावून बसलाय."

"भांडण झालं का?"

"न्हाई न्हाई. पोळ्या केल्या वहिनीनं. पंचमीला कुठं भांडतेत?"

फोन ठेवल्यावर मी ते कार्ड काढलं. निर्णयाच्या रकान्यात 'मान्य' या शब्दापुढे अपवाद लिहिला. मोकळ्या दोन ओळी त्यात भरल्या. मग कार्ड उलटं केलं. मागची बाजू इतकी वर्षं कोरीच होती. हजारो कार्डांची कोरीच आहे. तिथे वर लिहिलं, 'पुढे काय झालं'. त्याखाली: 'बाई घरात गेली. आईला भेटली. आईलाही आपला वाटा कळला. तिघांच्या नावाचा फेरफार तलाठ्याकडे आहे.'

कुसुमचं एवढ्यावर भागलं नसतं. तिने मेथीचे देठ बाजूला सारत विचारलं असतं, "आणि तलाठ्याने काय केलं?" म्हणून खाली चार बोटं जागा सोडली आहे.